एक चिमटा, एक बाटली आणि डॉ. हाफकिन

गिरगावातल्या खोताच्या वाडीत कधी गेला नसाल तर एकदा जाऊन या. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळलं की लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची, पोर्तुगीज धाटणीची दुमजली घरं लागतात. घरं देखणी, पण जिने उभे! ज्यांचं आयुष्य असल्या जिन्यांवर चढउतार करण्यात गेलं, त्यांचे गुडघे सत्तरीला आले की कुरकुरायला लागतात. मग गिरगावात काय किंवा तुमच्या-आमच्या गावात काय, गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनची चर्चा घराघरात सुरू होते.

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय, त्यांना डॉक्टरांची सूचनांची यादी आठवत असेल. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी स्वच्छ अंघोळ. पायावरचे केस घरी वस्तऱ्यानं काढायचे नाहीत, काढावे लागलेच तर हॉस्पिटलात क्लिपरनं काढतील. कुठे फोड, जखम किंवा नखुरडं असेल तर आधी सांगायचं, लपवायचं नाही. टेबलावर घेतल्यावर क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन असलेलं जंतुनाशक पायाला लावतात आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबतात. कुणालाही वाटेल, काम करायचंय आतल्या हाडावर, मग वरच्या कातडीचे एवढे लाड कशाला?

कारण असं आहे. नवा सांधा म्हणजे धातू आणि पॉलिएथिलीन. त्याला रक्तपुरवठा नसतो. आपल्या मांसात चार जंतू शिरले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. पण धातूच्या पृष्ठभागावर जंतू बसले की ते स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराच्या आत पांढऱ्या पेशींचं फारसं चालत नाही आणि ॲन्टिबायोटिकचंही नाही. मग कित्येकदा लाखभर रुपये घालून बसवलेला सांधा काढून टाकायची पाळी येते. हे जंतू अनेकदा पेशंटच्याच कातडीवर, केसांच्या मुळाशी राहणारे असतात. कातडी शंभर टक्के निर्जंतुक करता येत नाही, जंतूंची संख्या खाली आणता येते, एवढंच. वस्तऱ्यानं डोळ्यांना न दिसणारे काप पडतात आणि तिथे जंतूंना आयती जागा मिळते. अल्कोहोल असलेलं द्रावण वाळू दिलं नाही तर त्याला काम करायला वेळ मिळत नाही, शिवाय कॉटरीच्या ठिणगीनं पेट घेण्याचा धोका असतो तो वेगळाच. यादीतल्या प्रत्येक ओळीमागे असं कारण आहे.

कातडी भेदून शरीरात काही घालायचं असेल तर वाटेतली प्रत्येक पायरी सांभाळावी लागते. हा धडा आपल्या मुंबईनं एकशे वीस वर्षांपूर्वी फार महागात शिकला. त्याची किंमत पंजाबातल्या एकोणीस गावकऱ्यांनी जीव देऊन चुकवली, आणि एका शास्त्रज्ञानं आपलं करिअर गमावून. त्या शास्त्रज्ञाचं नाव परळच्या संस्थेमुळे आपण सगळे ओळखतो. पोलिओचे डोस आणि सर्पदंशावरचं औषध म्हटलं की हाफकिन हे नाव तोंडात येतं. पण हाफकिन हा माणूस कोण होता, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

ओडेसा ते पॅरिस

व्लादिमिर हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यात, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसाकडच्या भागात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथे त्यांना गुरू लाभले ते मेचनिकॉफ, म्हणजे पुढे पांढऱ्या पेशींच्या कामाबद्दल नोबेल मिळवणारे. त्या काळी रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर दंगेखोरांचे हल्ले होत. हाफकिन स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत होते. मार खाल्ला, अटक झाली, मेचनिकॉफ यांनी शब्द टाकल्यावर सुटले. विद्यार्थिदशेत एवढं सगळं सोसूनही त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात बढती नाही, अशी स्थिती होती. धर्म त्यांनी बदलला नाही.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे जागा कोणती रिकामी होती? ग्रंथालयातल्या मदतनिसाची! त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं, उरलेल्या वेळात प्रयोग आणि विरंगुळा म्हणून व्हायोलिन. असं करत त्यांनी कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

लस तयार झाली, पण तिची खरी परीक्षा जिथे कॉलरा आहे तिथेच होणार. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत पालथा घातला आणि चाळीस हजारांवर लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. एकाच घरातली, एकच पाणी पिणारी माणसं घ्यायची, त्यांतल्या टोचलेल्यांची आणि न टोचलेल्यांची वेगवेगळी नोंद ठेवायची आणि मग तुलना करायची. आपण प्रॅक्टिकलला कंट्रोल घेतो ना, तेच. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, त्यामुळे सरकारी गोऱ्या डॉक्टरांपैकी काहींना हा परका प्राणिशास्त्रज्ञ खटकत असे. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. बघता बघता साथ शहरभर पसरली. गिरगावही सुटलं नाही. लाखो लोक बोटीनं, रेल्वेनं कोकणात आणि देशावर पळाले. मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत रस्त्याकडेला जे क्रूस दिसतात, त्यांतले बरेच याच साथीत नवस म्हणून उभारलेले आहेत. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घरात घुसून तपासणी करणाऱ्या सोजिरांमुळे लोक संतापले होते, त्यातूनच २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. असे ते दिवस.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक छोटी खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर त्यांनी प्लेगच्या लशीचं काम सुरू केलं. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या सूपसारख्या पातळ द्रावणात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि वर थोडं तूप सोडायचं. तेच, आपलं जेवणातलं तूप! तुपाच्या तरंगणाऱ्या थेंबांना धरून जंतूंचे दोरे जळमटांसारखे खाली लोंबत. फ्लास्क हलवला की ते तळाशी बसत आणि वर नवं पीक वाढू लागे. पुरेसे जंतू जमले की उष्णतेनं ते मारायचे आणि त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्या भरायच्या.

एवढ्या कामाला त्यांना तीन महिने लागले. मदतनीस थकले, काही सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी पुन्हा एकदा पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली, तीही नेहमीपेक्षा बरीच मोठी मात्रा. ताप आला, हात दुखला, पण ते कामावर हजर. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तिथल्या स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. टोचलेल्यांत प्लेगचं प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी निघालं.

लोकांच्या मनात शंका होत्याच. सरकार विष टोचतंय, अशाही वावड्या होत्या. अशा वेळी आगाखान यांनी स्वतः लस घेतली, हजारो खोजा अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. दोन-तीन जागा बदलून अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी १८८२ मध्ये याच वाड्यात कॉलऱ्यानं वारली होती आणि नंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला होता. ज्या घरातून साथीच्या रोगानं गव्हर्नरला घालवलं, तिथेच साथीविरुद्धची लस बनू लागली.

३० ऑक्टोबर १९०२

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगनं कहर केला. तिथल्या सरकारनं लसीकरणाची प्रचंड मोहीम आखली आणि परळकडे लाखो डोसची मागणी केली. एवढा माल वेळेत द्यायचा म्हणून हाफकिननी लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला. निर्जंतुक करण्यासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली आणि कार्बोलिक ॲसिड घालण्याची पायरी गाळली. हा बदल शास्त्राला धरून होता, पण तो पुढे त्यांच्या गळ्याशी आला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल नावाचं गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभरानं त्यांतल्या काही जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात! एकूण १९ जणांना झाला आणि एकोणीसही जण गेले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही. नोंदी तपासल्यावर कळलं, की त्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन.

ही बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरलेली होती. प्रश्न एकच होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कुठे? परळच्या प्रयोगशाळेत, की मलकोवालमध्ये बाटली उघडताना?

चौकशी

मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स आणि दोन वैद्यकीय अधिकारी यांचा आयोग नेमला गेला. आयोगाच्या डोळ्यात भरली ती गाळलेली पायरी, म्हणजेच कार्बोलिक ॲसिड. दूषितीकरण बहुधा बाटली उघडण्यापूर्वीच झालं असावं, असा आयोगाचा कल पडला. म्हणजे दोष परळचा. हाफकिनना कामावरून बाजूला करण्यात आलं आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ज्यांनी दोन लशी आधी स्वतःच्या अंगावर तपासल्या, त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला. ड्रायफस या ज्यू सैनिकी अधिकाऱ्याला फ्रान्समध्ये खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती, तिची आठवण होऊन या प्रकाराला धाकटं ड्रायफस प्रकरण असं नाव पडलं.

आता जरा आपल्या पद्धतीनं विचार करू. मशीनचा पार्ट मोडला की आपण फेल्युअर ॲनालिसिस करतो. पार्ट कुणी बनवला हे नंतर. तडा कुठून सुरू झाला हे आधी. इथेही पुरावे होते आणि ते बोलत होते.

पहिला पुरावा वासाचा. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीतल्या द्रावणात ४१ दिवस वाढले असते तर बाटली उघडताच घाण वास आला असता. ज्या डॉक्टरांनी लस टोचली त्यांनी बाटलीचा वास घेतला होता, त्यांना तो खराब वाटला नव्हता.

दुसरा पुरावा वेळेचा. जंतू आधीपासून वाढून बाटलीत त्यांचं विष साठलं असतं, तर लक्षणं लवकर दिसायला हवी होती. ती आठवड्यानं दिसू लागली. म्हणजे जंतू नुकतेच शिरले होते आणि माणसाच्या शरीरात गेल्यावर वाढले.

तिसरा पुरावा चिमट्याचा. ही बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत धरून तापवायला हवा होता. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळला आणि त्याच चिमट्यानं बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. परिस्थिती बिकट झाली की ते बीजाणू बनतात, म्हणजे जाड कवचात झोपी जातात. उकळत्या पाण्यातही हे बीजाणू बराच वेळ टिकतात, मग कार्बोलिकच्या एका बुडीत कसले मरतात! ज्योतीत मात्र मरतात. हाच मुद्दा गाळलेल्या पायरीलाही लागू पडतो. लशीत जेवढं थोडं कार्बोलिक घालत, तेवढ्यानं हे बीजाणू मेले नसते, फार तर त्यांची वाढ अडली असती.

चिमट्याची हकीकत चौकशीत आली होती, पण तिला वजन मिळालं नाही. शिवाय सगळी कागदपत्रं लोकांसमोर यायला १९०६ साल संपत आलं. तोपर्यंत चार वर्षं गेली होती.

निर्दोष, पण उशिरा

कागद हाती आल्यावर लढायला उभे राहिले रोनाल्ड रॉस. डासांमुळे मलेरिया होतो हे भारतात राहून सिद्ध करणारे आणि १९०२ चं नोबेल मिळवणारे तेच रॉस. १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिन यांची बाजू मांडली. जुलै महिन्यात रॉससह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र प्रसिद्ध झालं. कलकत्त्याला हाफकिन यांना पहिल्यांदा बोलावणारे आरोग्याधिकारी सिम्प्सन हेही त्यांत होते. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारनं हाफकिनना नोकरीवर परत बोलावलं.

पण परळची जागा भरलेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवलं. त्यांनी उभी केलेली प्रयोगशाळा मुंबईत आणि ते तिथे नाहीत. तिथे प्लेगच्या लशीचं काम त्यांच्या वाट्याला आलं नाही. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले. उरलेलं आयुष्य त्यांनी बरंचसं एकट्यानं, आपल्या धर्माच्या अभ्यासात आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी काम करण्यात घालवलं. लग्न केलं नव्हतंच. आपली बहुतेक पुंजी त्यांनी धार्मिक शाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं.

१९२५ मध्ये मुंबईतल्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं. तोपर्यंत परळहून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. भारत सरकारनं १९६४ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

खरं नुकसान मात्र एका माणसाच्या करिअरपुरतं नव्हतं. मलकोवालनंतर पंजाबातल्या लोकांचा सुईवरचा विश्वास उडाला आणि मोहीम ढेपाळली. पुढे १९०७ या एकाच वर्षात पंजाबात प्लेगनं सहा लाखांच्या आसपास माणसं गेली. चौकशी लवकर आणि नीट झाली असती तर त्यांतले किती वाचले असते, याचा हिशोब कुणीच मांडू शकत नाही.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, या गोष्टीत कुणी खलनायक नाही. चिमटा खाली पडणं हा गुन्हा नव्हे, तो तुमच्या-माझ्या हातूनही पडेल. त्या मदतनिसानं तो पुसून तसाच वापरला, असंही नाही. त्यानं जंतुनाशकात बुडवला, म्हणजे काहीतरी केलं असं त्याला वाटलं. गोम इथेच आहे. ज्योत आणि कार्बोलिक यांतला फरक त्याला कुणी कारणासकट सांगितला नसावा. कारण माहीत नसलं की माणूस नियमाच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी करतो. वर्कशॉपमध्ये गॉगल कपाळावर ठेवून ग्राइंडरवर उभे राहणारे आपल्यातले वीर आठवा!

सांधेबदलाच्या ऑपरेशनचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन इथे जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात आधुनिक कृत्रिम खुबा रूढ केला. सुरुवातीला त्यांच्या पेशंटांपैकी शंभरातल्या सात-आठ जणांना जंतुसंसर्ग होत असे. त्यांनी ऑपरेशनच्या जागेची हवा गाळून घेतली, सर्जनचे कपडे बदलले, हातमोजे दुहेरी केले आणि प्रत्येक बदलाचे आकडे ठेवले. दहा वर्षांत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. कुठलीही एक जादू त्यात नव्हती. लहान लहान पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीची नोंद होती. आज ऑपरेशनच्या हत्यारांच्या प्रत्येक पाकिटावर निर्जंतुकीकरणाची तारीख आणि रंग बदलणारी पट्टी असते, कुठलं हत्यार खाली पडलं तर ते बाजूला ठेवून दुसरं उघडतात. मलकोवालमध्ये बाटलीचा क्रमांक आणि टोचलेल्यांची नावं लिहून ठेवली होती, म्हणून तर एकोणीस जण एका बाटलीशी जोडता आले. ती नोंद नसती तर १०७ जणांची लस आणि पाचही बाटल्या संशयात सापडल्या असत्या आणि हाफकिन कधीच निर्दोष ठरले नसते.

जर्नल पूर्ण करायचं म्हणून आदल्या रात्री हॉस्टेलवर रीडिंग्ज छापणाऱ्यांनी (आणि ती छापू देणाऱ्यांनी!) यावर थोडा विचार करावा. उद्या आपण पूल बांधू, बॉयलर चालवू, ऑपरेशन थिएटरची एअर हँडलिंग सिस्टीम डिझाइन करू. आपल्या हाताखालच्या माणसाला नियम सांगताना त्याचं कारणही सांगू. चूक झाली तर ती सांगायला तो घाबरणार नाही, असं वागू. आणि कुणावर ठपका ठेवण्याआधी तडा कुठून सुरू झाला ते शोधू.

परळहून जाताना हाफकिन संस्थेचं फाटक दिसलं तर क्षणभर थांबा. आणि घरी कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांची ती यादी त्यांना नुसती वाचून दाखवू नका. प्रत्येक ओळीचं कारण समजावून सांगा.